पाच तास टिकलेला निळा रंग

जानेवारी २०१८. मी पालघरला मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला होते. दुधाचं प्रॅक्टिकल होतं आणि सरांनी सगळ्यांना घरून न तापवलेलं दूध आणायला सांगितलं होतं. कुणी डेअरीतलं सुटं आणलं, कुणी भैयाकडून घेतलं. मी आणलं ते आमच्या गोठ्यातलं. सकाळी बाबांनी धार काढली, मी आईने उकळून ठेवलेल्या बाटलीत दूध भरलं आणि उमरोळीहून गाडी पकडली.

प्रॅक्टिकल अगदी सोपं होतं. परीक्षानळीत दहा मिली दूध घ्यायचं, त्यात मिथिलीन ब्लू नावाचं निळं रसायन एक मिली घालायचं आणि नळी ३७ अंशांच्या पाण्यात उभी करायची. दुधातले जिवाणू वाढताना ऑक्सिजन वापरतात आणि ऑक्सिजन संपत आला की निळा रंग उडून दूध पुन्हा पांढरं होतं. जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर जातो. अर्ध्या तासात गेला तर दूध वाईट. पाच तासांहून जास्त टिकला तर उत्तम.

डेअरीच्या सुट्या दुधाचा रंग पाऊण तासात गेला. भैयाचं दूध दीड तास टिकलं. माझी नळी कॉलेज सुटेपर्यंत निळीच होती. सरांनी ती उचलून वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "याला म्हणतात स्वच्छ दूध." संध्याकाळी मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बोईसरच्या निम्म्या गिऱ्हाइकांना ते माहीत झालं होतं.

त्या नळीत ब्रुसेला होता की नव्हता, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण असण्याची शक्यता भरपूर होती.

*

आमच्याकडे तेव्हा सहा म्हशी होत्या. बाबा पहाटे साडेतीनला उठायचे. कासेला कोमट पाणी लावायचे, पहिल्या दोन-तीन धारा जमिनीवर सोडायचे, मग भांडं पुढे घ्यायचे. कॅन रोज उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथे घालायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दूध नासलं की गिऱ्हाईक तुटतं, एवढा एकच धडा त्यांना पुरला होता. सहा वाजता मोटरसायकलला कॅन लावून ते बोईसरला जायचे. एमआयडीसीत काम करणाऱ्यांच्या चाळी, स्टेशनच्या पूर्वेच्या दोन-तीन इमारती, एकूण अडतीस घरं.

धार काढून झाली की बाबा एक पेला तिथेच, गोठ्यात उभ्या उभ्या प्यायचे. धारोष्ण. त्यांचे वडीलही प्यायचे. माझा धाकटा भाऊ दहावीनंतर व्यायामशाळेत जायला लागला, तेव्हा बाबांनी त्यालाही सुरू करायला सांगितलं होतं, पण त्याला त्या वासाने मळमळायचं. आई, आजी आणि मी यांच्या वाट्याला दूध यायचं ते चहातून. कच्च्या दुधात ताकद असते आणि ताकद लागते ती पुरुषांना, असा घरातला हिशोब होता. त्या हिशोबामुळे आम्ही तिघी वाचलो असं मला आज वाटतं.

२०१७च्या गणपतीच्या आसपास बाबांनी एका व्यापाऱ्याकडून एक गाभण म्हैस घेतली होती. दिवाळीनंतर तिने गाभ टाकला. सातवा महिना होता. वार अडकली. गुरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते, तेवढा वेळ नव्हता, म्हणून बाबांनी स्वतः हात घालून ती काढली. हातात मोजे वगैरे काही नाही. भातकापणी नुकतीच उरकली होती आणि बोटांवर विळ्याच्या खुणा होत्या. पुढच्या आठवड्यात म्हैस थोडं दूध द्यायला लागली. बाबा म्हणाले, "चला, पैसे अगदीच बुडाले नाहीत."

माझ्या बाटलीतलं दूध तिचंही होतं.

*

होळीच्या सुमारास बाबांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, रात्री दरदरून घाम यायचा, सकाळी उतरायचा. चार-पाच दिवस असं चालायचं, मग आठवडाभर काही नाही, मग पुन्हा. कंबर धरायची. इतकी वर्षं मोटरसायकलवर कॅन वाहिल्यावर कंबर धरणारच, असं सगळे म्हणाले. मलेरियाची तपासणी झाली, निघाला नाही. मग टायफॉईड म्हणून औषधं दिली. ताप खरंच उतरला आणि पंधरा दिवसांनी परत आला. आई म्हणायची की यांच्या अंगाला ओल्या पेंढ्यासारखा वास येतो. आम्हाला वाटायचं, गोठ्यातून येतात म्हणून येत असेल.

ऑगस्टपर्यंत बाबांचं वजन नऊ किलोने उतरलं होतं. धार भाऊ काढत होता, कॅन मामा पोचवत होता. शेवटी मुंबईच्या एका हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरने बाबांना पहिलाच प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का?" दुसरा प्रश्न, "कुणी गाभ टाकला होता का?" तिसरा, "कच्चं दूध पिता का?"

मी शेजारी उभी होते. माझी बीएस्सी चार महिन्यांपूर्वी झाली होती, पहिल्या वर्गात. ब्रुसेलोसिस आमच्या अभ्यासक्रमात होता. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली होती, आणि त्या टिपेत एक ओळ होती: 'चढउतार होणारा ताप, रात्री घाम, सांधेदुखी.' ती ओळ आणि आमच्या घरातला कॉटवर पडलेला माणूस यांची गाठ माझ्या डोक्यात पाच महिन्यांत एकदाही पडली नाही. पुस्तकातले रुग्ण पुस्तकात राहतात. आणि आमचं दूध तर उत्तम होतं. मी स्वतः तपासलं होतं.

*

पुढे मी याचा इतिहास वाचला, तेव्हा जरा धीर आला, कारण आमच्याहून हुशार माणसंही इथेच फसली होती. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच लांबणारा, परत परत येणारा ताप यायचा. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने त्याचा जिवाणू शोधला. त्याच्याच नावावरून ब्रुसेला हे नाव पडलं. पण तो माणसाच्या अंगात येतो कुठून, ते कळायला अजून अठरा वर्षं लागली. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लेस झामित या माल्टाच्या डॉक्टरने बकऱ्यांचं रक्त तपासलं आणि कारण सापडलं. बकऱ्यांवर कुणाला संशयच नव्हता, कारण त्या ठणठणीत दिसायच्या. माल्टात गवळी बकऱ्या दारोदार घेऊन फिरायचे आणि गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यावर, डोळ्यांसमोर दूध काढून द्यायचे. याहून शुद्ध दूध ते काय असणार? १९०६ मध्ये सैनिकांना बकरीचं दूध देणं बंद केलं आणि सैन्यातला ताप झपाट्याने ओसरला.

डोळ्यांसमोर काढलेलं दूध ही आपलीही शुद्धतेची व्याख्या आहे. आपल्याला भीती असते ती पाण्याची, युरियाची, साबणाची. बाबांचे गिऱ्हाईक दूध घेताना बोट बुडवून नखावर थेंब थांबतो का ते बघायचे. २०१८ मध्ये एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. त्यांत जिवाला घातक अशी भेसळ निघाली ती फक्त १२ नमुन्यांत. व्हॉट्सअॅपवर फिरणारे व्हिडिओ बघितले तर वाटेल की उरलेच १२ शुद्ध असतील.

जिवाणूंचं वेगळं आहे. त्यांच्यात ढोबळमानाने दोन जाती धराव्यात: खराब करणारे आणि आजारी पाडणारे. खराब करणारे कळतात. दुधातली साखर खाऊन आम्ल करणारे दूध आंबवतात, फाडतात. फ्रिजच्या थंडीतही वाढणारे स्यूडोमोनास चिकनवर बुळबुळीत थर आणतात आणि असा वास सोडतात की माणूस पिशवी उघडूनच बंद करतो. यांचे आपण आभार मानले पाहिजेत, ते निदान सांगून तरी जातात. यांचेच चुलत भाऊ आपण विरजणात घालतो आणि दही खातो.

आजारी पाडणारे बहुतेक वेळा काहीच सांगत नाहीत. साल्मोनेला असलेलं चिकन ताजं दिसतं, ताजंच वास देतं. लिस्टेरिया तर चार अंशांच्या फ्रिजमध्येही हळूहळू वाढत राहतो. ब्रुसेला दूध नासवत नाही, चव बदलत नाही, निळा रंगही उडवत नाही. मिथिलीन ब्लूची नळी मोजते गर्दी. त्या गर्दीत कोण उभं आहे, ते तिला दिसत नाही. बाबांच्या दुधात गर्दी नव्हती. ते इतकं स्वच्छ होतं की त्यावर संशय घ्यायला काही कारणच नव्हतं.

बोईसरची माणसं तशी न दिसणाऱ्या गोष्टींना सरावलेली आहेत. १९६९ पासून तारापूरला अणुवीजकेंद्र आहे. तिकडच्या किरणांबद्दल आम्ही लहानपणापासून खऱ्याखोट्या गोष्टी ऐकल्या. एमआयडीसीतून रात्री एखादा विचित्र वास आला की सगळी आळी खिडक्या लावून घेते. पण दुधाच्या पेल्याला कुणी घाबरत नाही. घाबरायला काहीतरी परकं लागतं, आणि दूध कधी परकं नसतं.

*

बाबांना सहा आठवड्यांची औषधं दिली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि तेच औषध टीबीलाही देतात. दोन्ही गोष्टी गावात कळल्या आणि आठ दिवसांत बाबांना टीबी झाल्याचं ठरलं. बाबांनी खुलासा करायला नकार दिला. म्हणाले, "टीबी झाला म्हणाले तर मला टाळतील. दुधातून झालं म्हणाले तर दुधाला टाळतील."

तोवर गुरांचे सरकारी डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी आधी कॅनमधलं थोडं दूध नळीत घेतलं, त्यात रंगवलेल्या मृत ब्रुसेलाचा थेंब टाकला आणि नळी ठेवून दिली. दुधात त्या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं असली की ती रंगीत जिवाणूंना धरतात आणि सायीबरोबर वर नेतात. तासाभराने बघितलं तर खाली दूध पांढरं आणि वर सायीत जांभळट निळी कडी. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी ज्या रंगाचा अभिमान बाळगला होता, तसाच काहीसा तो रंग होता. मग सहाही म्हशींचं रक्त घेतलं. दोन बाधित निघाल्या. एक ती विकत घेतलेली आणि दुसरी तिच्या शेजारी बांधलेली, आमच्या घरीच जन्मलेली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जनावरात या रोगावर करण्यासारखा उपचार नाही. बाधित जनावरं वेगळी बांधा. गाभ टाकला तर हात लावू नका, वार आणि गर्भ चुना टाकून खोल पुरा. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका. "आणि विकू नका," ते म्हणाले. "विकली तर रोग फक्त दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल."

न विकता काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. एक म्हैस दिवसाला जेवढं खाते, तेवढं तिने दूध दिलं तरच गोठा चालतो. एका म्हशीवर कर्ज होतं. बाबांच्या आजारपणात आईची एक पाटली गेली होती.

*

गिऱ्हाइकांना सांगायचं की नाही, यावर घरात आठ दिवस भांडण झालं. बाबांचं म्हणणं, बोईसरमध्ये दूध कोण कच्चं पितं? सगळे उकळतात. उकळलं की मेला ना तुझा जिवाणू? मेला. हे खरंच होतं. डेअरीत दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास तापवतात, तेवढ्यातही ब्रुसेला मरतो. घरची उकळी तर त्याच्या पुढची. आजी दुधाला तीन उकळ्या आणल्याशिवाय त्याला घरात फिरू द्यायची नाही. तिला जिवाणू हा शब्द माहीत नव्हता.

पण अडतीस घरांपैकी दोन घरं मला माहीत होती. एका घरातला मुलगा व्यायामाला जायचा आणि बाबांकडून खास वेगळं अर्धा लिटर घेऊन तिथेच तोंडाला लावायचा. दुसऱ्या घरातली नवी सून गरोदर होती, आणि तिची सासू कच्च्या दुधातच केशर घालून तिला द्यायची. हे बाबाच कौतुकाने सांगायचे.

शेवटी आजीने निकाल दिला. ती बाबांना म्हणाली, "तुला कुणी सांगितलं असतं तर तू प्यायला असतास का?"

बाबांनी मला मजकूर लिहायला सांगितला. मी लिहिला: आमच्या दोन म्हशींना असा असा आजार निघाला आहे. त्यांचं दूध आम्ही विकत नाही. उरलेल्या म्हशींचं दूधही उकळूनच वापरा. ज्यांनी गेल्या वर्षात कच्चं दूध घेतलं असेल आणि ताप येत असेल, त्यांनी डॉक्टरांना हे जरूर सांगा. खाली बाबांचं नाव आणि नंबर. बाबांनी तो तीनदा वाचला आणि ग्रुपवर टाकायचं बटण स्वतः दाबलं. मग फोन पालथा ठेवला.

अकरा घरं सुटली. एक बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्हाला रोगाचं दूध पाजलंत." बाकीची राहिली. व्यायाम करणाऱ्या मुलाची तपासणी झाली, काही निघालं नाही. गरोदर सुनेचीही झाली, तिलाही काही नव्हतं. त्या दिवशी आई देवापुढे बराच वेळ बसली होती.

*

इथपर्यंतची गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. पुढची सांगितलेली नाही.

एमएस्सीच्या प्रवेशासाठी मी चार दिवस मुंबईला मावशीकडे राहिले होते. परत आले तेव्हा गोठ्याच्या टोकाला वेगळ्या बांधलेल्या दोन म्हशींपैकी एकच होती. घरची होती. विकत घेतलेली गेली होती. मी विचारलं, कुठे गेली. बाबा म्हणाले, "गेली." कुणाला दिली? "व्यापारी घेऊन गेला." त्याला सांगितलंत? बाबा कॅन घासत होते. घासतच राहिले.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. व्यापाऱ्याचा नंबर शोधायला हवा होता, गुरांच्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं. मी यातलं काही केलं नाही. त्या पैशातून कर्जाचा हप्ता गेला होता आणि उरलेल्यातून माझी फी. पावती माझ्या बॅगेत होती.

ती म्हैस आमच्याकडे आली तेव्हाही कुणाच्या तरी गोठ्यातून आली होती. त्या माणसालाही बहुधा माहीत होतं. त्याच्याही घरात कुणाची तरी फी असेल. हा जिवाणू दुधातून जितका पसरतो, तितकाच तो असा, गप्प बसण्यातून पसरतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारचा जनावरांच्या रोगनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे दोन रोग त्यात आहेत. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. पुढे आमच्या गोठ्यातल्या एका रेडीला ती मिळाली. तिच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला लागला. बाबांनी तो नंबर वहीत लिहून ठेवला आहे. गाभण म्हैस घ्यायची वेळ आली की आता ते आधी रक्त तपासायला लावतात. व्यापारी त्यांना हसतात. हातमोज्यांचा खोका गोठ्याच्या खांबाला टांगलेला असतो. धारोष्ण पेला बंद झाला. कंबर मात्र अजून दुखते, विशेषतः पावसाळ्यात.

मी आता एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. दिवसभर पनीर, चिकन, श्रीखंड, सॉसेज. प्लेटवरच्या वसाहती मोजते. साल्मोनेलाच्या रकान्यात रोज तेच लिहिते: २५ ग्रॅममध्ये गैरहजर. हे वाक्य लिहिताना बरं वाटतं. रविवारी घरी चिकन आणलं की आईला ते नळाखाली धुऊ देत नाही, कारण शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर, कोथिंबिरीवर, सगळीकडे जातात आणि नीट शिजवलं की ते तसेही मरतात. आई माझं ऐकते आणि मी बाहेर गेले की धुते.

आमच्या रिपोर्टच्या फॉर्मवर ब्रुसेलाचा रकाना नाही. बहुतेक नमुने पाश्चराइज केलेल्या दुधाचे असतात, तिथे त्याची गरजही पडत नाही. तरी कधी कधी एखाद्या कच्च्या दुधाच्या बाटलीवर गावाचं नाव दिसतं. मनोर, तलासरी, वाडा. मी नाव वाचते आणि नकळत हिशोब करते. ती म्हैस २०१८ मध्ये सहा-सात वर्षांची होती. तिचं एक शिंग टोकाला मोडलेलं होतं. अजून जिवंत असू शकते.

मग मी झाकण उघडते, दहा मिली मोजून घेते आणि निळा थेंब टाकते.